उष्णक आच्छादू नये

आमच्या गाडीत हिटरचं बटण होतं, हिटर नव्हता. बटणाला निळा आणि लाल असे दोन काठ होते. ते निळ्याकडून लालकडे फिरवलं की फिरल्याचं समाधान मिळे, बाकी काही होत नसे. याला कारण कऱ्हाडचा एक मिस्त्री. काही वर्षांपूर्वी पायाशी हिरवट, गोडसर वासाचं पाणी झिरपू लागलं म्हणून गाडी त्याच्याकडे नेली होती. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, हिटरकडे जाणारे दोन पाइप काढले, ते मधल्या मध्ये एकमेकांना जोडून टाकले आणि हात पुसत म्हणाला, "काका, कायमची कटकट मिटली. तुमाला हिटर काय करायचाय? काश्मीरला चाललाय व्हय?"

मी कोयनानगरला चाललो होतो, म्हणून मान डोलावली. आमच्या भागात थंडी ही सकाळी येऊन दहाच्या आत उठून जाणारी पाहुणी. तिच्यासाठी कुणी काही कायमचं करून ठेवत नाही. अंगणात चार काटक्या पेटवायच्या, हात शेकायचे, पाठ शेकायची आणि उन्हाची वाट बघायची. मी नोकरीभर धरणाच्या वसाहतीतलं वाचनालय सांभाळलं आणि नोकरी संपल्यावर तिथंच जवळ छोटं घर बांधलं. इतक्या वर्षांत मला गाडीत हिटर लागला नाही. तो लागला नातीला, आणि तोही एका सकाळपुरता.

मुलगी सांगलीत शाळेत शिकवते. जावई फौजेत आहे, त्या हिवाळ्यात तो उत्तरेकडे बर्फात होता. माघात तिनं बाळंतपणाला आमच्याकडे यायचं, असं ठरलं होतं. नातीनं ते मान्य केलं नाही. ती मार्गशीर्षातच, सांगलीतच आली आणि आल्या आल्या दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहायला गेली. तिथं ती महिनाभर होती. तिच्याकडे बघताना मला आमच्या वाचनालयातलं कुलूपबंद कपाट आठवायचं. आतलं सगळं दिसतं, हात लावायचा तर परवानगी पाहिजे.

पौष लागला तेव्हा तिचं वजन दोन किलोच्या जवळ आलं आणि घरी न्यायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले. पुढं म्हणाले, आता हिला औषध काही नाही, ऊब हेच औषध. हिला थंडी वाजली तर ही रडून सांगणार नाही. गप्प होईल, दूध ओढायची थांबेल, आणि तेवढ्यावरून पुन्हा पेटीत यावं लागेल. तिथल्या नर्सबाईंनी मुलीला दोन गोष्टी शिकवल्या. बाळाला उघडंच आपल्या उघड्या छातीशी धरायचं आणि वरून दोघींना मिळून पांघरायचं, ही एक. दुसरी अशी की अधूनमधून बाळाचं पोट आणि तळपाय चाचपायचे. दोन्ही सारखेच गरम लागले तर ठीक. पाय गार पडले तर समजायचं की ऊब कमी पडतेय.

बाळ पेटीतून सुटलं की त्या दवाखान्यात निरोप समारंभ होतो. भिंतीवर फलक होता, त्यावर नातीचा झोपेतला फोटो होता. केक कापला गेला. तो ती खाणार नव्हती आणि मला मधुमेह आहे. मग आजोबा या नात्यानं मला शाल देण्यात आली. महिनाभर जिन्याजवळच्या बाकावर बसण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं, पण सातारा-सांगलीत कुठल्याही इमारतीत माणूस फार दिवस बसला की त्याला शाल मिळतेच. शाल लाल होती, जरीच्या काठाची, आणि सत्काराच्या सगळ्या शालींप्रमाणे थंडीशी तिची ओळख नव्हती.

हिटर जावयानं मागवला होता. तो थेट मुलीच्या खोलीवर येऊन पडला. चपट्या जेवणाच्या डब्याएवढी काळी वस्तू, पुढं जाळी, आत छोटा पंखा आणि लांब वायर. वायरीच्या टोकाचा गोल प्लग गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात घालायचा. सोबत एक पत्रक होतं आणि आश्चर्य म्हणजे त्यावर मराठीही होतं. वाचून मला आधी हसू आलं आणि मग, हे कबूल केलं पाहिजे, थोडं सुखही वाटलं. 'उष्णक आच्छादू नये. ज्वलनशील वस्तूंच्या सान्निध्यात उष्णक स्थापित करू नये. बहुमुखी जोडणीद्वारे विद्युत्प्रवाह घेऊ नये. उष्णक कार्यरत असता निद्रा वर्ज्य.' आयुष्यभर मी अशा मराठीची टिंगल केली. कार्यालयीन परिपत्रकं चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवली. पण 'निद्रा वर्ज्य' मोठ्यानं म्हणून बघितलं की तोंड भरतं, हे खरं.

निघायच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ते पत्रक उभं राहून वाचलं. श्रोते दोन. एक मुलगी, ती बाळाला पाजत होती. दुसरी माझी थोरली बहीण. तिला आम्ही आक्का म्हणतो. ती शिराळ्याजवळच्या गावात शेतकरी घरात दिली. बायकोच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं म्हणून ती कोयनानगरला घरीच होती आणि तिच्या जागी आक्का आली होती. येताना तिनं एक वाकळ आणली होती, जुन्या लुगड्यांचे थर लावून शिवलेली, जड. आणखी एक डबा आणला होता, त्यात काय आहे हे मी विचारलं नाही. मी वाचून संपवलं. आक्कानं हात जोडले आणि कपाळाला लावले.

"कळलं ना?" मी विचारलं.

"कळलं की. लय चांगलं ल्हिलंय."

नंतर जावयाचा फोन आला. तिकडचं नेटवर्क मिनिटभरच लागतं, त्यामुळे तो तारेसारखं बोलतो. "मामा, त्या हिटरवर काय टाकायचं नाही. कापड, पिशवी, काय नाही. त्याच भोकात मोबाइलचा चार्जर जोडू नका, फ्यूज जाईल. काच दोन बोटं उघडी ठेवा. आणि गाडी उबली की झोप येते, सगळेच झोपलेत असं होऊ देऊ नका. आमच्या तंबूत बुखारी, म्हणजे शेगडी, पेटली की एक जण जागा बसतो."

"पत्रकात सगळं आहे," मी म्हणालो. "मी वाचून दाखवलंय."

तो पुढं काही म्हणाला असेल. नेटवर्क गेलं होतं.

निघायची वेळ आक्कानं काढली. पौष महिना, त्यात सोमवार, आणि सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. बाळानं बारा वाजायच्या आत घराचा उंबरा ओलांडला पाहिजे. म्हणजे नवानंतर निघून चालणार नाही, आणि राहुकाळात तर निघायचंच नाही. गणित केलं तर उत्तर एकच येत होतं, साडेसातच्या आत. डॉक्टरांनी ऊन पडल्यावर निघा असं सांगितलं होतं, पण डॉक्टरांना पंचांग येत नव्हतं. मी या गोष्टी मानत नाही. न मानणाऱ्याला वाद घालायचा उत्साह असावा लागतो आणि महिनाभर बाकावर बसून तो संपला होता. मी म्हणालो, "हिटर आहेच."

"आनि एक," आक्का म्हणाली, "मदी कुटं थांबायचं न्हाई. राहुकाळात थांबून पुना निगालं, की त्ये नवं निगनं धरत्यात."

सात वाजून दहा मिनिटांनी निघालो. हिटर मी डॅशबोर्डावर चिकटपट्टीनं बसवला होता. वायर गिअरमध्ये येऊ नये म्हणून बाजूनं घेतली होती, फोनचा चार्जर काढून ठेवला होता, माझ्या बाजूची काच बरोबर दोन बोटं खाली होती. मागं डावीकडे मुलगी, तिच्या मांडीवर टोपडं, झबलं आणि दुपट्यात गुंडाळलेली नात, उजवीकडे आक्का. मधे वाकळ, डबा आणि माझी सत्काराची शाल.

कृष्णेवरचा पूल धुक्यात होता. पूल आहे हे फक्त चाकांच्या आवाजावरून कळत होतं. नदी नव्हतीच. पलीकडे गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असणार हे मला माहीत होतं, पण दिसत होता तो अर्धवट पुसलेल्या पाटीसारखा. समोरून उसाच्या ट्रॉल्या यायच्या. आधी दोन पिवळे ठिपके, मग ट्रॅक्टरवरचं गाणं, मग उसाचा डोंगर, मग मागं बांधलेलं लाल फडकं, आणि पुन्हा काही नाही. ट्रॉलीबरोबर गाणंही धुक्यात बुडायचं. मी तिशीच्या वर काटा जाऊ देत नव्हतो. इतक्या हळू, इतक्या पांढऱ्यातून जाताना गाडी चालतेय असं वाटत नव्हतं. कुणीतरी रस्ता आमच्याखालून ओढून घेतंय असं वाटत होतं.

हिटर चालू होता. त्याची ऊब माझ्या डाव्या मनगटाला आणि समोरच्या काचेच्या वितभर भागाला मिळत होती. त्या वितभरातून मी जग बघत होतो.

आष्ट्याच्या अलीकडे आक्का पुढं वाकली. "आरं, त्ये काचंला न्हाऊ घालतंय. लेकराला कोन घालनार?"

"हळूहळू सगळी गाडी गरम होते, आक्का."

"कवा? कोयनंत गेल्यावर?" असं म्हणत तिनं दोन सीटांमधून हात घातला, चिकटपट्टी ओरबाडली आणि हिटर मागं घेतला. वायर पुरली. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि समोर आणखी दोन पिवळे ठिपके उगवले होते. थांबायचं तर नव्हतंच.

"आक्का, ज्वलनशील वस्तूंच्या सान्निध्यात नको," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. सान्निध्यात न्हाई, पायापाशी ठिवते."

मला ते उत्तर समाधानकारक वाटलं. आजही त्याचं आश्चर्य वाटतं. मग ती म्हणाली, "वारं शिरतंय, ती काच वर घे." मी दोन बोटं एक बोट केलं. थोड्या वेळानं तेही राहिलं नाही.

गाडी खरंच उबली. मागून बोलणं यायचं थांबलं. आक्काचं घोरणं सुरू झालं, बारीक, लयीत, लांब कुठं मोट चालावी तसं. आणि मग ओव्याचा वास आला.

आधी अगदी कोवळा. तव्यावर टाकल्या टाकल्या येतो तसा. मी तो ओळखला आणि त्याच्या मागं मागं चालू लागलो. मुलगी झाली तेव्हा आम्ही वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायचो. तेव्हाही हिवाळा होता. बाळंतिणीची बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, आणि निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा. धूर बाजेच्या सुंभातून वर चढायचा आणि बायको त्यात वितळल्यासारखी पडून असायची. मला त्या खोलीत मज्जाव होता. मी दाराशी पुस्तक घेऊन बसायचो आणि एकाच पानावर असायचो. शेकायला एक म्हातारी बाई येत. एकदा त्या तिथं असताना भूकंपाचा धक्का बसला. कोयनेत धक्के बसतात, आम्ही फार मनावर घेत नाही, पण तो जरा बरा होता. वरचा दिवा झुलू लागला, फळीवरचे डबे किणकिणले. मी आत धावलो ते बाळाला उचलायला. त्या बाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं, आधी बाजेखालून शेगडी ओढली, ती अंगणात नेऊन ठेवली, आणि मग वळून म्हणाल्या, "घ्या आता पोरीला." मला त्यांचा राग आला होता. नंतर कळलं की बाज कलंडली असती तर ती निखाऱ्यांवरच.

धुक्यातून जाताना मला हे सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की मी स्वतःवर खूश झालो. वासानं माणूस मागं जातो असं पुष्कळ वाचलं होतं. पण इथं वास नसताना नुसत्या आठवणीनं वास यावा, म्हणजे आपली स्मृती अजून कामाची आहे. ती बाज मला दिसत होती. सुंभ दिसत होतं. धूर दिसत होता. आठवणीनं डोळे भरून येतात हेही मला ठाऊक होतं.

पण ते चुरचुरत नाहीत.

मी आरशात बघितलं. मुलगी काचेला डोकं टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं. आक्काची मान छातीवर. मान वळवली, तर दोघींच्या पायांमध्ये माझ्या लाल शालीचा छोटासा तंबू उभा होता, एक टोक माझ्या सीटच्या पाठीमागच्या खिशात खोचलेलं, दुसरं आक्काच्या गुडघ्याखाली. आणि तंबूच्या शेंड्यातून धूर निघत होता. निळसर, शांत, अगदी घरच्यासारखा.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. पहिल्यांदा डावा हात गेला तो प्लगवर, एवढं नक्की. त्या बाईंनी शेगडी ओढली होती तसा मी तो उपटला. मग गाडी रस्त्याच्या कडेला, उसाला टेकेल इतकी बाजूला घेतली, चारी दिवे लुकलुकत ठेवले, उतरलो आणि मागची दोन्ही दारं उघडली. हिटर वायरीला धरून बाहेर ओढला. त्याच्याबरोबर शाल आली. जरीचा काठ गोळा होऊन काळा पडला होता आणि टपटपत होता. जाळीवर एक पुरचुंडी चिकटलेली होती. ती मी काठीनं उडवली तेव्हा फडकं सुटून ओवा रस्त्यावर पसरला. त्यातले काही दाणे अजून लाल होते. एवढ्यानं शाल पेटली कशी नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मुलगी जागी झाली होती. दुपटं बाजूला करून ती बाळाच्या तोंडाकडे बघत होती. बाळ गप्प होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही रडून सांगणार नाही. गप्प होईल. मी दाराला धरून उभा होतो आणि मला उसाच्या पानांवरून दव पडताना ऐकू येत होतं, एकेक थेंब. मुलीनं बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली.

नात शिंकली. मग तोंड वाकडं करून तिनं एक बारीक, कर्कश, चिडका आवाज काढला. महिनाभर आम्ही तिच्या झोपेला जपत होतो. गाडीतून उतरून उभी राहिलेली आक्का तो आवाज ऐकून रस्त्याच्या कडेलाच बसली.

"म्या काय केलं गं," ती म्हणाली. "म्या तर शेक द्याला डब्यातला ओवा तापवत व्हते. छातीला पुरचुंडी लावली की कफ धरत न्हाई. आनि ऊब वर वर चाललीती, म्हून शाल घातली. म्हनलं तुजी शाल तरी कामाला यील."

"आक्का, काल मी वाचून दाखवलं होतं ना?"

"वाचलंस की. मला वाटलं संकल्प सोडतुयास." पदरानं नाक पुसून तिनं विचारलं, "त्ये आच्छादू म्हंजी काय रं?"

"झाकू."

"मग झाकू म्हन की, गड्या."

जावयानं साध्या भाषेत सांगितलं ते मी पत्रकात आहे म्हणून उडवलं, आणि पत्रकात होतं ते मी तोंड भरतं म्हणून वाचलं. माझ्या बहिणीला 'सान्निध्य' हा शब्द फक्त कीर्तनातून माहीत होता. तिथं ते देवाचं असतं आणि ते मिळालेलं चांगलं असतं.

आता दुसरीच अडचण होती. धूर जायचा तर दारं उघडी पाहिजेत आणि दारं उघडी तर धुकं आत. मुलीनं बाळाचे पाय चाचपले आणि माझ्याकडे बघितलं. "अप्पा, गार पडायला लागलेत."

हिटर रस्त्यावर पडला होता. तो आता चालला असता की नाही माहीत नाही, पण ज्याच्यावर काही जळलंय तो पुन्हा लावायचा नाही, हे मला कुठलंही पत्रक न वाचता कळलं. आक्का म्हणाली, "थोडी पाचट पेटवूया का?" आणि स्वतःच म्हणाली, "नगं. पुरं झाला धूर."

"दोघंही पाठ करा," मुलगी म्हणाली. वर्गात बोलते त्या आवाजात. आम्ही पाठ केली. मी उसाकडे तोंड करून उभा राहिलो, आक्का माझ्या शेजारी. मागं बटणांचा आणि कपड्यांचा आवाज. मग मुलगी म्हणाली, "आत्या, वाकळ." आक्कानं ती दोघींवर घातली, कडेनं खोचली, मानेपाशी दाबली. नर्सबाईंनी हे शिकवलं तेव्हा आक्का म्हणाली होती की उघडं लेकरू उघड्या अंगाला लावायचं ही कसली नवी तऱ्हा. आता ती वाकळीच्या खालून हात घालून बसली होती, दोन बोटांत नातीचा पाय धरून.

धूर गेल्यावर मी दारं लावली. काच दोन बोटं उघडी ठेवली. मग आम्ही नुसते बसलो. धुकं हळूहळू पिवळं होत होतं. ऊस आधी करडा, मग हिरवा झाला. एक ट्रॉलीवाला वेग कमी करून "काय झालं वं?" असं विचारून गेला. मी हात हलवला. वाकळीत मुलीचा श्वास वर खाली होत होता आणि त्याच्याबरोबर टोपड्याचं टोक. या उबेला प्लग लागत नव्हता. वायर कुठं जात नव्हती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तर वाटत होतं की आम्ही कायम इथंच राहतो, या उसाच्या कडेला, चौघं, आणि बाकी गावंबिवं ऐकीव आहेत.

"आलं गं," आक्का हळूच म्हणाली. "पाय सुदारला."

मी घड्याळ बघितलं. साडेआठ. भर राहुकाळ. मी आक्काकडे बघितलं. म्हणालो, "नवापर्यंत थांबू या म्हणतेस का?"

तिनं विचार केला. "इंजिन बंद केलंतंस?"

"नाही. गडबडीत राहिलं."

"मग थांबलोच न्हाई आपन. चाकं थांबली आस्तील. चल."

निघायच्या आधी मी हिटर डिकीत टाकला. शाल तिथंच कुंपणाला अडकवली. आता ती खरीखुरी शाल दिसत होती, वापरलेली.

पेठ नाक्याला ऊन लागलं. कऱ्हाड आलं तेव्हा काच आणखी खाली करावीशी वाटत होती. पाटणच्या पुढं डोंगर जवळ आले, सावलीतून जाताना पुन्हा गारवा शिरायचा, आणि प्रत्येक सावलीत मी विचारायचो, "पाय गरम?" मागून दोघींपैकी एक म्हणायची, "हाय" किंवा "आहेत", आणि मी पुढचं वळण घ्यायचो. मुलगी झोपली की आक्का जागी असायची, आक्काचा डोळा लागला की मुलगी. कुणी ठरवलं नव्हतं.

बाराला दहा कमी असताना घर आलं. बायको काठी टेकत दारात उभी होती, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन. ओवाळून झालं, उंबरा ओलांडला. घरात गेल्या गेल्या बायकोनं नाक वर केलं. "ओव्याचा वास येतोय," ती म्हणाली. "कुणी धुरी दिली का?" आक्का आणि मी, दोघंही सामान आणायला बाहेर गेलो.

जावयाला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, मिनिटभरात बसेल तसं. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडं पहिल्या वर्षी प्रत्येकाचा एक मोजा जळतो." त्यानं नवा हिटर पाठवला आणि मी नको म्हणालो नाही. त्याचं पत्रक मी उघडलं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन त्यावर शाईनं लिहिलं: 'ह्याच्यावर काही ठेवू नका. ह्याला झाकू नका. काच दोन बोटं उघडी. एकानं जागं राहायचं.' तो पुठ्ठा आक्काला दाखवला. तिला अक्षरं लागतात, सावकाश. तिनं बोट फिरवत पुरं वाचलं आणि म्हणाली, "ह्यात वाचून दाकवन्यासारकं काय हाय? समजतंय की."

पण त्या दिवशीचं राहिलं. सामान आत आणून मी बाळाच्या खोलीत गेलो. मायलेकी अजून त्या वाकळीतच होत्या, तशाच, आता पलंगावर. सगळ्यांनी वाटेत पाय चाचपले होते, मी फक्त विचारत आलो होतो. मी हात पुढं केला.

"थांब," आक्का म्हणाली. तिनं माझी बोटं धरली. "बरफ झालाय हात. लावू नगंस तिला. आदी शेक."

मी हात काखेत घालून उभा राहिलो. बराच वेळ, शाळेत उभं करतात तसा. मग आक्कानं पुन्हा माझी बोटं दाबून बघितली आणि मान हलवली. मी वाकळीखाली हात घातला. पाय सापडायला वेळ लागला, इतका तो लहान होता. आधी पोटावर हात ठेवला, मग तळपायावर, मग पुन्हा पोटावर.

दोन्ही सारखेच होते.